मदत हवी आहे: एकाच खांबावर हॅम रेडिओच्या ४० आणि १५ मीटर बँडचे अँटेना, एसडब्ल्यूआर बिघडतोय

नाशिक, गंगापूर रोड. गच्चीवर ९ मीटरचा पाइप. टोकाला ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकारातला तारेचा अँटेना), ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला याचं माप, १ च्या जवळ हवं) १.३. त्याच्याखाली फूटभर अंतरावर, त्याच दिशेत १५ मीटरचा व्ही लावला. कोॲक्स केबल आणि १:१ बॅलन (केबल आणि तारा जोडणारा भाग) दोन्हींना वेगळे. २१.२ ला एसडब्ल्यूआर ३ च्या खाली येईना. तारा १०-१० सेंटिमीटर कापून पाहिल्या, व्यर्थ! ४० चा व्ही खाली उतरवला की लगेच १.४. सातची तिप्पट एकवीस, म्हणजे वरची तारही तिथे रेझोनंट (त्याच लहरीला साथ देणारी), हे कळतंय.

दुसरा खांब शक्य नाही. काटकोनात फिरवला तर एक टोक शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातं, काका आधीच वैतागलेत. मग साठ अंशांवर फरक पडेल का, की १५ चा व्ही काढून ४० चाच दोन्ही बँडवर वापरावा?