गगनबावडा तालुक्याची माहिती लिहायची आहे, कुठे चुकायला होतं?

सडा_वारा:
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा तालुक्याचा भूगोल आणि इतिहास लिहायचा आहे. ऐन घाटमाथ्यावरचा तालुका, मग कुंभी नदी कोकणात न उतरता पूर्वेला का जाते? पंत अमात्यांची बावडा जहागीर म्हणजेच आजचा तालुका का? आणि पावसाचा कुठला आकडा द्यावा?

पाणलोट:
सह्याद्रीची पाणी वाटणारी धार इथे अगदी कड्याच्या काठावरून जाते. कड्याच्या पलीकडे पडलेलं पाणी वैभववाडीकडून विजयदुर्ग खाडीला जातं, अलीकडचं कुंभीला. माथ्याचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून कुंभी भोगावतीला मिळते, प्रयाग चिखलीपासून पुढे पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. नकाशावर आधी कड्याची रेघ काढा, मग नद्या. उलट केलंत तर मुलं हमखास कुंभीला घाट उतरवतात.

पावसाचा आकडा देताना ठिकाण लिहाच. गगनबावडा गावात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पडतो, शिरोळकडे जेमतेम 500-600, आणि जिल्हा एकच. ढग कड्यावर रिकामे होतात, त्यामुळे तालुक्याच्या आतही पूर्वेला साळवणकडे येईतो पाऊस कमी होतो. गावचा आकडा ‘तालुक्याचा पाऊस’ म्हणून छापू नका.

कुंभी धरण लखमापूरला, साठा सुमारे 2.71 टीएमसी (अब्ज घनफूट). कुंभी-कासारी साखर कारखाना मात्र कुडित्र्याला, म्हणजे करवीर तालुक्यात. नावाला भुलून तो इथे टाकलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो.

मोडी_दप्तर:
जहागीर आणि तालुका एक धरू नका. जहागीर आजच्या तालुक्यापेक्षा बरीच मोठी होती. रामचंद्रपंत अमात्य म्हणजे राजाराम महाराज 1689 मध्ये जिंजीकडे निघाले तेव्हा ‘हुकूमतपनाह’ म्हणून इकडचा कारभार ज्यांच्यावर सोपवला गेला, ते. त्यांचे वंशज ते बावडेकर. बावडा ही पुढे विशाळगड, कागल, इचलकरंजीसारखी कोल्हापूर संस्थानची मांडलिक जहागीर राहिली. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कोल्हापूर जिल्हा झाला. गगनगड किल्ल्याचा इतिहास लिहिताना 1844 चा गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांवरच्या पिढीजात शिबंदीचा, उठाव गाळू नका. त्यानंतर इंग्रजांनी संस्थानातल्या किल्ल्यांची तटबंदी पाडली.

कागद शोधायचे तर 1886 चं कोल्हापूर गॅझेटिअर आधी, मग कोल्हापूरचं पुराभिलेखागार. तिथे ‘गगनबावडा’ मागून फारसं हाती लागत नाही, ‘बावडा जहागीर’ किंवा ‘पंत अमात्य’ म्हणा. कागद मोडीत, तेव्हा वाचणारा सोबत न्या. चार बावडे वेगळे ठेवा: कसबा बावडा कोल्हापूर शहरात, भुईबावडा घाटाखाली वैभववाडी तालुक्यात, एक बावडा पुण्याच्या इंदापूर तालुक्यात, आणि आपलं हे.

करूळचा_फाटा:
लोकसंख्येला 2011 ची जनगणना घ्या: सुमारे 35 हजार, आणि तीही सगळी ग्रामीण. करवीर तालुक्याची 10 लाखांवर. जिल्हा परिषदेचे गट दोनच, तिसंगी आणि असळज. गगनबावड्यापासून कोल्हापूर 55 किलोमीटर. कोल्हापुराहून आलात की गगनबावड्यात डावा फाटा करूळ घाटाचा, वैभववाडीला, उजवा भुईबावडा घाटाचा, खारेपाटणकडे. नकाशात ह्यांची अदलाबदल होते, जपा.

मुलांना न्यायचं तर जुलै-ऑगस्ट टाळा. कुंभीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर येतं, घाटात दरडी येतात, आणि दोन्हीकडून वाट अडते. पाऊस उघडल्यावर पळसंब्याचं रामलिंग दाखवा: ओढ्याच्या पात्रातल्या अखंड दगडांत कोरलेली छोटी देवळं. शेवाळावरून पाय घसरतो, चपला चांगल्या पकडीच्या हव्यात.

सडा_वारा:
आभार. आमच्या कच्च्या नकाशात करूळ उजवीकडेच होता, खोडला. भुईबावडा सिंधुदुर्गात, म्हणजे त्याला वेगळा रंग द्यायचा ना?

पाणलोट:
हो. जिल्ह्याची हद्द जाड तुटक रेघेने काढा आणि घाटरस्ता ती कुठे ओलांडतो तिथे खूण करा.