अर्धी कापलेली इशापूरची थ्री नॉट थ्री, मूळ रूपात आणावी का?

डेंटनकर:
मंडळी, मी टेक्सासात असतो, गेल्या महिन्यात इथे एका घरच्या लिलावात ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल मिळाली, कागदपत्रं सगळी रीतसर. कॉलेजात एनसीसीला जिने खांदा सुजवला होता तीच, म्हणून हात आवरला नाही. पण कोणीतरी तिची पार शिकारीची बंदूक करून टाकलीय, पुढचं लाकूड मधल्या पट्ट्याच्या अलीकडेच कापलंय, नळीवरची झाकणं, म्हणजे दोन्ही हँडगार्ड गायब, तोंडापाशी लाकडावर बसणारी लोखंडी टोपी, म्हणजे नोजकॅप गायब आणि दस्त्यावर ते चकचकीत वार्निश. दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, जीआरआय (ब्रिटिश राजाची खूण), इशापूर, १९४३ असं कोरलंय, म्हणजे बंगालातल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची. इशापूर वाचलं आणि कसंतरीच झालं राव, हुगळीकाठची पोरगी इथे हरणं मारत बसली होती! तर नवीन फोरएंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड आणून जुनं रूप द्यावं का? शनिवारी दस्ता काढून घासायला घेतो, मागून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून दस्त्यातला बोल्ट फिरवला की निघेल ना?

रंधा_पटाशी:
थांबा!! तो बोल्ट आधी फिरवू नका. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या पत्र्यात अडकून बसलेलं असतं, फोरएंड न काढता फिरवलात की लाकूड मागून उकलतं. मी पहिल्या रायफलीला हेच केलं, टक् असा बारीक आवाज आला, वाटलं गंज सुटला, नंतर बघतो तर बोटभर चीर. आधी फोरएंड, मग दस्ता, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे लाकडावर पैसे घालायच्या आधी नळी मोजा. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघा, रायफलीचा बोल्ट (दस्त्यातला नव्हे, काडतूस आत ढकलणारा) बंद करा, नळीच्या तोंडातून साफसफाईची दांडी आत टेकेपर्यंत सोडा, खूण करा आणि मोजा. २५.२ इंच भरली तर नळी पूर्ण आहे. कमी भरली तर माझं मत स्पष्ट आहे, आहे तशी ठेवा, नवी नळी बसवण्यात रायफलीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. ५०-६० च्या दशकात तिकडे लष्करी माल इतका स्वस्त होता की लोक करवत घेऊन बसायचे, त्यांना तरी काय बोलणार.

बापू_सातारकर:
वाचून मजा वाटली. आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हणजे पोलीस आणि फौजेची गोळी, सामान्य माणसाला ती मिळायची नाही, म्हणून तर ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ बोअरची रायफल निघाली, तिची ठेवण ली-एनफिल्डचीच. आमच्या आजोबांची होती, परवान्यावर. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडायची आणि आम्हा पोरांना हात लावला तर फटका. इथल्या कोणी हे वाचून घरी उद्योग करू नका, आर्म्स ॲक्ट आहे. डेंटनकर, तेवढं सँडपेपर मात्र लांब ठेवा, दस्त्यावरचे शिक्के एकदा गेले की गेले.

डेंटनकर:
बापूसाहेब, १२० नंबरचा कागद आणूनच ठेवला होता, परत करतो. दांडी टाकली, २५ आणि वर थोडंसं, म्हणजे वाचली! अजून एक, उरलेल्या लाकडात मॅगझिनच्या जरा पुढे एक आडवा स्क्रू आरपार गेलाय, हा पण त्या करवतवाल्याचा पराक्रम का?

रंधा_पटाशी:
अहो तो इशापूरचा स्क्रू! लाकूड चिरू नये म्हणून तिकडच्या बऱ्याच रायफलींना घालायचे, म्हणजे तुमचं अर्धं लाकूड तिथलंच दिसतंय. मग नवीन फोरएंड विसरा. मागचं लाकूड जिथे लोखंडाला टेकतं, गोळीचा धक्का जिथे बसतो, ती जागा जुळवणं हेच यातलं सगळ्यात किचकट काम, नव्या लाकडात कानसेने केसभर केसभर काढत बसावं लागतं आणि एका बाजूला जास्त टेकलं की चिरलंच. तुमच्यात ते बसलेलं आहे. फुटक्या फोरएंडचा पुढचा तुकडा शोधा, रेषा जुळवून सांधा, आत लाकडी खुंटी आणि इपॉक्सी. सांधा थोडा दिसेल, दिसू दे, फौजेतले कारागीरही ठिगळं लावायचेच.

वार्निश रिमूव्हरने काढा, खड्ड्यांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा, लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, हाताने, पातळ. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा. आणि गोळी झाडायच्या आधी त्या काडतूस ढकलणाऱ्या बोल्टचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का बघा, गनस्मिथकडून हेडस्पेस गेज (बंद बोल्टपुढे काडतुसाला बरोबर जागा आहे का ते तपासायचं माप) लावून घ्या, यात काटकसर नको.

डेंटनकर:
नंबर जुळला. नोजकॅप सापडलीय एकाकडे, पण ती लिथगोची, ऑस्ट्रेलियन. चालेल का?

बापू_सातारकर:
पोरगी टेक्सासला पोचली, टोपी ऑस्ट्रेलियाची असली तर काय बिघडलं. घ्या.