उत्तरेत राहायला गेलेल्या जोडप्यांनो, तुमचे शनिवार-रविवार कसे जातात?

पुणे-बंगळुरू-टोरांटोच्या गर्दीतून उठून थेट कॅनडाच्या, अलास्काच्या नाहीतर फिनलंड-नॉर्वेच्या उत्तरेत जाऊन पडलेली बरीच मराठी जोडपी आहेत. तिकडे मॉल नाही, नाटक नाही, आठवड्याआड कुणाची मुंज-बारसं नाही. उरतं ते बाहेर पडणं. तर तिथे दोघांनी मिळून काय केलंत, काय जमलं, कशावरून वाजलं, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

व्हाइटहॉर्स, युकॉन

आम्ही दोघंही सह्याद्रीत हिंडलेले. पण तिथे पायथ्याला गाव असतं, वाट चुकली तर गुराखी भेटतो, उतरल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर चहा मिळतो. इथे गाव सोडलं की फोनची रेंज जाते, आणि ट्रेकचा अख्खा ग्रुप म्हणजे नवरा-बायको. लीडर कोण, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहिला. शेवटी ठरलं ते असं: दोघांपैकी एकाने ‘परत’ म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही. कॅथलीन लेकवरून किंग्ज थ्रोन डोंगराची चढण आहे, वरच्या खोलगट खिंडीत वारा माणसाला ढकलतो. तिथून हा शिखराकडे बघत होता आणि मी ‘परत’ म्हटलं. खाली गाडीपर्यंत एक शब्द बोलला नाही, पण कारणही विचारलं नाही.

क्लुएनी राष्ट्रीय उद्यान आमचं लाडकं. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर, 5,959 मीटरचं माउंट लोगन, त्याच उद्यानात आहे, पण रस्त्यावरून ते दिसत नाही, हे बऱ्याच पाहुण्यांना पटत नाही. दिसतात त्या टाशाल धालच्या कड्यावरच्या पांढऱ्या डॉल मेंढ्या, दुर्बीण असेल तर मनसोक्त. जवळच काँग्डन क्रीकला कॅम्पिंगचा सरकारी तळ आहे. सोपबेरीची फळं पिकली की तिथे ग्रिझली अस्वलं चरायला येतात, म्हणून तंबू लावायचे ते विजेच्या कुंपणात. इथल्या सरकारी तळांवर जळण फुकट मिळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आता खरा मराठी प्रश्न: फोडणी. अस्वलाचं नाक फार तिखट. तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला स्वयंपाक करायचा, अन्न आणि दात घासायची पेस्टसुद्धा लोखंडी पेटीत कुलूपबंद करायची, आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते तंबूत न्यायचे नाहीत. हिंग-तुपाची मुगाची खिचडी मी घरूनच फोडणी घालून, सुकी करून नेते. तिथे फक्त पाणी आणि आच.

निघताना शेजारच्या आजोबांकडे चिठ्ठी: कुठे चाललोय, गाडीचा नंबर, आणि रविवारी रात्री नऊपर्यंत परतलो नाही तर कुणाला फोन करायचा. ते ही चिठ्ठी आमच्यापेक्षा गंभीरपणे घेतात. साडेआठलाच खिडकीत उभे असतात.

यलोनाइफ, कॅनडा

आमचा मोसम हिवाळा. ग्रेट स्लेव्ह लेक गोठलं की डेटा गावापर्यंत साडेसहा किलोमीटरचा रस्ता बर्फावरूनच होतो. गाडी घालताना बायको दार किलकिलं उघडं ठेवून बसायची, म्हणे उडी मारता येईल. उणे तीस अंशांत! खाली 614 मीटरपर्यंत पाणी असलेलं तळं आहे हे तिला कुणी सांगितलं देवाला ठाऊक. (मीच. आणि ती खोली लांब पूर्वेच्या टोकाला आहे, हे नंतर सांगितलं.) रस्ता सरकार तपासून उघडतं, तिथे भीती नाही. आडवाटेला मात्र आपण स्वतः भोक पाडून मोजायचं. रेडक्रॉसचं सांगणं आहे की एकट्याने चालायला 15 सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. बर्फ निळसर असेल तर चांगला. करडा दिसला की मागे फिरायचं.

कॅमेरॉन धबधबा उन्हाळ्यात सगळेच बघतात, मार्चमध्ये बघा. अर्धा गोठलेला, आतून आवाज येत असतो.

आणि एक. 2023 च्या ऑगस्टमध्ये वणवा जवळ आला, सुमारे 20 हजार लोकांचं शहर रिकामं करायचा हुकूम निघाला. दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकच. कॅम्पिंगचं सामान आमच्या गाडीत कायम भरलेलं असतं, त्यावरून घरात नेहमी कुरबुर व्हायची. त्या दिवशी आम्ही अर्ध्या तासात निघालो. कुरबुर बंद झाली, डिकी मात्र अजून बायकोच्याच ताब्यात आहे.

औलू, फिनलंड

वाचून वाटलं, आमचं फारच सुखाचं चाललंय. इथे दुसऱ्याच्या रानातही बेरी, अळंबी तोडायला कायद्याने मुभा आहे. जुलैत दलदलीत हिला नावाची पिवळी बेरी पिकते. तिची जागा लोक सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. डास मात्र इतके, की जाळीच्या टोपीशिवाय तोंड उघडलं तर शाकाहार मोडतो.

कुसामोजवळ यूमाहून निघणारी 12 किलोमीटरची छोटी ‘अस्वलवाट’ नवशिक्या जोडप्यांनी जरूर करावी, झुलते पूल आहेत. रानातल्या मोकळ्या झोपड्या, आउतिओतुपा, कुलूप नसलेल्या आणि फुकट. नियम उलटा आहे: शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला, कारण तोच सर्वांत दमलेला. आधी आलेल्यांनी सरकायचं, नाहीतर उठून तंबू लावायचा. एकदा पावसात रात्री उशिरा पोचलो, तर दोन म्हाताऱ्यांनी न बोलता आपली अंथरुणं उचलली. सकाळी मी पोहे केले. त्यांनी न बोलता दोनदा घेतले. निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची असतात. ते काम नवऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे इथे आल्यावर कळलं.

ट्रॉम्सो, नॉर्वे

दोनच ओळी. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तरी दिवे लावलेल्या वाटांवर लोक स्की करतात. डोंगरावर शेर्पांनी बांधलेल्या सुमारे बाराशे दगडी पायऱ्या आहेत, चढताना हटकून हरिश्चंद्रगड आठवतो. मला आवडतं, बायकोला नाही. ती वाचनालयात बसते, मी चढतो, मग दोघं मिळून सूप पितो. सगळं जोडीनेच केलं पाहिजे असा काही नियम आहे का?

फेअरबँक्स, अलास्का (आता सिअॅटल)

नियम नाही, पण अपेक्षा असते. सगळे गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. उणे चाळिसात इंजिनाचा हीटर तासन्‌तास विजेला लावल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, टायर तळाशी चपटे होऊन पहिला मैल खडखडतात, शहरावर बर्फाचं धुकं बसतं. शनिवारी बाहेर पडायची तयारी दुपारपर्यंत चालायची आणि अंधार व्हायचा. चीना हॉट स्प्रिंग्जच्या गरम कुंडात केस गोठवून काढलेले फोटो आमचेही आहेत, छानच आहेत. पण नवऱ्याला रान हवं होतं, मला माणसं. उन्हाळा आम्हाला जोडून ठेवायचा, हिवाळा तोडायचा. शेवटी निघालो. जाणाऱ्यांनी जानेवारीत एकदा राहून बघावं, जूनमधली भेट बघून घर घेऊ नये.

सातारा

मी जोडप्यातली नाही, सासू आहे. लेकीकडे व्हाइटहॉर्सला जूनमध्ये गेले होते. रात्री अकराला उजेड. देवापुढे दिवा कधी लावायचा तेच कळेना, शेवटी घड्याळ बघून सातला लावला. माइल्स कॅन्यनच्या पुलावर मलाही चालवलं, पाणी काय हिरवं! जावई कमरेला मोठा डबा लावून पुढे, लेक टाळ्या वाजवत मागे. मला वाटलं आरती चाललीय.

व्हाइटहॉर्स, युकॉन

काकू, टाळ्या अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून! वळणावर अचानक समोर येणं त्यालाही नको असतं. त्या डब्याबद्दल वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: अस्वलाचा स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा तिखट फवारा) विमानात हातातल्या किंवा चेक-इनच्या, कुठल्याच सामानात चालत नाही, पोचल्यावर गावात विकत घ्या. पाठपिशवीत ठेवू नका, कमरेलाच हवा. तारीख बघून घ्या. आणि थंडीत जाकिटाच्या आत ठेवा, गारठला की दाब कमी होतो.

पुढच्याने होड्यांबद्दल लिहा, आम्हाला या उन्हाळ्यात कनू घ्यायची आहे. मागे कोण बसणार यावर एकमत झालेलं नाही.