तेल नवऱ्याचं, गर बायकोचा

इंग्रज आल्यावर आग्नेय नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या बायका कमवायला लागल्या, हे वरच्या प्रतिसादातलं म्हणणं पटत नाही. गावोगावचे बाजार आधीपासून बव्हंशी त्यांच्याच हातात होते. १९२९ चा त्यांचा इंग्रज राजवटीविरुद्धचा उठाव बायकांवर कर बसणार या भीतीने पेटला हे खरं, पण तेव्हा पामतेल आणि पामच्या बियांचा गर यांचे भावही पडले होते.

तेलगिरण्यांचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. पामच्या फळांचं तेल हाताने काढायचं तेव्हा तेल सहसा नवऱ्याचं, पण बिया फोडून निघणारा गर बायकोचा. त्याचे पैसे तिचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेलगिरण्या आल्या आणि पुरुष अख्खी फळंच गिरणीला घालू लागले. बियाही गेल्या! बायकांनी गिरण्यांना विरोध केला तो या हिशेबाने; त्याला यंत्राची भीती म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.