अनुभव धागा: यादीतलं नाव आणि आपलं गाव

बहुतेक नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. इतक्या वर्षांनी निवडणूक आली म्हणून गावात उत्साह होता. पण केंद्राच्या दारात सगळ्यांत जास्त ऐकू आलं ते एकच: "माझं नाव कुठं गेलं?" लहान गावात यादीतलं जवळजवळ प्रत्येक नाव कुणाच्या तरी ओळखीचं असतं, त्यामुळे ती यादी तपासायला आपल्याइतकं योग्य कोणी नाही. म्हणून हा धागा. मतदार म्हणून, निवडणूक ड्युटीवर किंवा बूथवर बसून जे पाहिलंत ते लिहा. पक्ष, उमेदवार आणि अधिकाऱ्यांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मीच करते. प्रारूप यादी (हरकतींसाठी आधी लावलेली कच्ची यादी) लागली त्या संध्याकाळी आम्ही आळीतल्या बायका ती घेऊन ओट्यावर बसलो आणि घरनंबराप्रमाणे मोठ्यानं वाचली. रस्त्याच्या एका बाजूची घरं शेजारच्या प्रभागात गेली होती, त्यात माझ्या आईचंही नाव होतं. हरकतीच्या मुदतीत अर्ज दिले, नावं परत आली. तेव्हा एक गोष्ट बऱ्याच जणींना पहिल्यांदाच कळली. नगरपरिषदेची स्वतंत्र मतदार नोंदणी नसतेच. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतात (या वेळी ती १ जुलै २०२५ ची होती) आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. प्रारूपावर हरकत घेता येते ती चुकीचा प्रभाग, लेखनिकाची चूक, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथं गळालेलं नाव, एवढ्यापुरतीच. नवं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. त्याला नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म आधीच भरलेला असावा लागतो.

अंगणवाडी सेविका, बीएलओचं (बूथची मतदार यादी सांभाळायचं) काम करते

आमच्याकडे सगळे येतात ते नाव घालायला. काढायला कोणी येत नाही. माणूस गेला की दाखला बँकेत जातो, विम्याला जातो, पण सात नंबरचा फॉर्म भरायचं कुणाच्या मनात येत नाही. आणि मी घरी गेले की लोकांना वाईट वाटतं. एक आजी म्हणाल्या, "बाई, ह्यांचं नाव माझ्या वरतीच आहे, राहू दे की." त्यांच्यापुढे फॉर्म धरताना माझाच हात जड झाला. पण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसरं कोणी बटण दाबून जाऊ नये, हे मी त्यांना नीट सांगितलं. त्यांनी सही केली.

दुसरा विषय सुनांचा. लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली तरी नाव माहेरच्या यादीत. आठ नंबरचा फॉर्म भरला की पत्ता बदलतो, कार्डावरचं नावही दुरुस्त होतं. पण काहीजणी नव्यानं सहा नंबर भरतात आणि नाव दोन गावांत लागतं. या वेळी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे (**) होते, तेव्हा त्या सगळ्या घाबरून माझ्याकडे आल्या. पोरींनो, लग्नाची नोंदणी करता त्याच आठवड्यात हेही करा.

*(धागाकर्ती: १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं सांगितलं होतं. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. त्या काळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि अशी नोंद चालणार नाही यावर आयोग ठाम राहिला. मला तो निर्णय कठोर पण बरोबर वाटतो.)*

चाकणला कंपनीत, मत गावाकडं

रात्रीची एसटी धरून विधानसभेच्या मतदानाला गेलो. केंद्रावर सांगितलं, तुमचं मत झालंय. नोंदवहीत माझ्या क्रमांकापुढं कुणाची तरी सही होती. मी परत फिरणार होतो, पण आमच्या बूथ एजंटनं अडवलं: "प्रदत्त मत माग." केंद्राध्यक्षांनी ओळखपत्र पाहून प्रश्न विचारले, वेगळ्या यादीत माझी सही घेतली आणि छापील मतपत्रिका दिली. ती स्वतंत्र पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण वाद कोर्टात गेला तर तीच पुरावा ठरू शकते. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याची जागा एका मतानं गेली होती, हे लक्षात ठेवा आणि तसंच घरी परतू नका.

ऊसतोड कुटुंबातला, बीड जिल्हा

मागची विधानसभा २० नोव्हेंबरला होती. टोळ्या निघायचे तेच दिवस. टपाली मत सैनिकाला आहे, ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला आहे, ८५ च्या पुढच्यांना घरून आहे. कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेल्याला काहीच नाही. मग उमेदवाराची गाडी न्यायला येते. कायद्यानं तो भ्रष्ट आचार आहे, पण आईवडलांनी मत द्यावं तरी कसं, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. फडावरच मतदानाची सोय करा, एवढंच मागणं आहे.

निवृत्त शिक्षक, अनेकदा केंद्राध्यक्ष

मतदानाआधी दीड तास एजंटांसमोर निदान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं. व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून निकालाशी जुळवायच्या, मग यंत्र क्लिअर करायचं. बहुतेक एजंट तेव्हा चहा पीत असतात याचं मला फार वाईट वाटतं. संध्याकाळी १७ सी चा नमुना भरून प्रत्येक एजंटला त्याची प्रत द्यावी लागते. त्यात एकूण झालेली मतं आणि यंत्राचे क्रमांक असतात. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्रावर दिसला पाहिजे. तो कागद खिशात चुरगाळून टाकणाऱ्यांनी नंतर यंत्राबद्दल काय बोलावं? तरुण एजंटांना माझी विनंती आहे, सकाळी वेळेवर या आणि ती प्रत जपून ठेवा.

तालुक्याच्या गावातला दुकानदार

मला नंतरच्या कागदाबद्दल बोलायचंय. मोजणी केंद्रवार होते आणि फॉर्म २० वर, म्हणजे निकालाच्या तक्त्यावर, प्रत्येक केंद्राची मतं कुणालाही वाचता येतात. आमच्या केंद्रावर दोनच गल्ल्या. निकालानंतर दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात येऊन विचारतो, "तुमच्याकडून आम्हाला एवढीच?" त्यानंतर आमच्या गल्लीच्या गटाराचं काम सगळ्यांत शेवटी लागलं. माझं मत गुप्त आहे, पण गल्लीचं नाही. यंत्रं नव्हती तेव्हा मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर सुचवला होता, म्हणजे १४ यंत्रांची मतं एकत्र मोजणारं साधन. २०१५ मध्ये विधी आयोगानंही त्याची शिफारस केली. अजून तो आलेला नाही. मोठ्या शहरात याची झळ कळत नसेल, आम्हाला पाच वर्षं सोसावी लागते. १७ सी ची नोंद केंद्रवार राहू द्या, तपासणीला ती हवीच. उमेदवारनिहाय आकडा मात्र एकत्र करूनच जाहीर करा.