२६वा आठवडा: उताणं झोपून व्यायाम चालेल का? आणि रात्री पाठीवर जाग आली तर?

कूसबदलू

पहिलीच खेप आहे, २६वा आठवडा चालू. तब्येत ठणठणीत, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे. अडलंय ते फक्त आडवं होण्यावर.

व्यायामात मी उताणं झोपून कंबर वर उचलते (ब्रिजिंग), मग पायांचे एक-दोन प्रकार आणि शेवटी शवासन. ब्रिजिंगमध्ये काही त्रास नाही. शवासनात मात्र हल्ली थोड्या वेळाने मळमळायला लागतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळलं की लगेच बरं वाटतं. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणतात, २० आठवड्यांनंतर पाठ जमिनीला लागताच कामा नये. मैत्रीण म्हणते, "काही होत नाही गं, मी शेवटपर्यंत उताणी झोपले." कुणाचं ऐकू?

रात्रीचं तर विचारूच नका. झोपते डाव्या कुशीवर आणि पहाटे जाग येते तेव्हा छताकडे बघत असते. छातीत धस्स होतं, पुढची झोप गेलीच. त्यात कुणीतरी सांगून ठेवलंय की कूस बदलायची तर आधी उठून बसायचं, नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडतो. हे पोट घेऊन रात्रभर उठाबशा काढायच्या का?

फिजिओताई

गरोदर बायकांना व्यायाम शिकवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी शवासन. पायांकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर मणक्याच्या किंचित उजव्या अंगाला असते. साधारण २०व्या आठवड्यात गर्भाशय बेंबीपर्यंत पोचतं, आणि पुढे तुम्ही उताण्या झालात की त्याचं वजन थेट त्या शिरेवर येतं. रक्त परत येईना की हृदय पुढे ढकलणार काय? रक्तदाब उतरतो, मग मळमळ, घाम, अंधारी, कधी धाप. कुशीवर वळलात की शीर मोकळी होते, म्हणून लगेच बरं वाटतं. सिझेरियनच्या टेबलावरही बाईला सपाट ठेवत नाहीत; उजव्या कमरेखाली पाचर देऊन किंवा टेबलच कलतं करून पोट डावीकडे झुकवतात, ते याचसाठी.

ब्रिजिंगमध्ये त्रास का नाही? तिथे पायांचे स्नायू काम करत असतात, रक्त वर ढकलायला मदत करतात, आणि वेळही थोडाच जातो. शवासनात तुम्ही निपचित पडून असता. तुमच्या मैत्रिणीचंही खोटं नसेल. काहींच्या शरीरात मणक्यालगतच्या लहान शिरा तो भार उचलतात आणि बाईला काहीच जाणवत नाही. पण आईला जाणवलं नाही म्हणजे गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी झालंच नाही, असं धरून चालता येत नाही. म्हणून तिच्यावरून तुमचं ठरवू नका.

आठवड्यांच्या आकड्यांवर मात्र फार अडकू नका. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १६ आठवड्यांनंतर फार वेळ सपाट झोपून व्यायाम नको म्हणते. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना जास्त वेळ उताणं राहणं टाळा म्हणते. कॅनडाची २०१९ची मार्गदर्शिका सांगते की उताणं असताना गरगरलं, मळमळलं तर स्थिती बदला. पाठ टेकलीच तर अनर्थ, असं यातलं कुणीच म्हणत नाही. भर आहे तो 'फार वेळ' आणि 'त्रास झाला तर' यावर. तुम्हाला त्रास झालाय, म्हणजे तुमच्यापुरता निकाल लागला: उताणं शवासन बंद. तेच कुशीवर करा, गुडघ्यांत उशी घेऊन.

ब्रिजिंगऐवजी भिंतीला पाठ लावून उभं राहा, गुडघे जरा सैल सोडा आणि कंबरेची पोकळी भिंतीला टेकवून सोडून द्या. हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन करा; त्यात पोट खाली लोंबतं, शिरेवर भार येत नाही आणि कंबरेला जो आराम मिळतो तो वेगळाच. मांड्यांसाठी कुशीवर झोपून गुडघे वाकवायचे, पावलं जुळलेली ठेवायची आणि वरचा गुडघा उघडायचा-मिटायचा. पाठ टेकवूनच काही करायचं असेल तर डोक्यापासून कमरेपर्यंत उतरता आधार द्या, आरामखुर्चीत रेलल्यासारखा. नुसती मानेखाली उशी घेऊन भागत नाही. पायांचे प्रकार करताना पोटाच्या मधोमध लांबट उंचवटा येत असेल तर तो प्रकार सोडून द्या. आणि उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नका. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हातांच्या रेट्यावर.

आता रात्र. २०१९मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. २८ आठवड्यांनंतर ज्या बायका झोपी जाताना उताण्या होत्या, त्यांच्यात बाळ पोटातच दगावण्याची शक्यता डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट दिसली. आकडा भीतीदायक वाटेल, पण मूळ शक्यताच खूप कमी असते. डावी आणि उजवी कूस यांत फरक आढळला नाही. म्हणजे डावीचाच हट्ट धरून एक खुबा दुखवून घ्यायची गरज नाही.

आणि तपासलं काय होतं, तर झोपी जाताना कुठल्या अंगावर होतात ते. त्याच स्थितीत माणूस सहसा सगळ्यात जास्त वेळ राहतो. पहाटे पाठीवर सापडलात तर कुशीवर वळा आणि झोपा. दुपारची डुलकी असो की रात्री उठून परत आडवं होणं, सुरुवात कुशीवर. एवढंच तुमच्या हातात आहे.

नाळेचं: वेढा पडतो तो बाळ आत फिरतं म्हणून, तुमच्या कूस बदलण्याने नाही. जन्मताना बऱ्याच बाळांच्या गळ्याभोवती वेढा असतो आणि बहुतेक वेळा तो अलगद सुटतो. उठाबशा रद्द.

दोन लेकरांची आई

ताईंनी शास्त्र सांगितलं, मी उशांचं सांगते. गुडघ्यांत छोटी उशी घेतली तर घोटा खाली लटकतो आणि कंबर पिळल्यासारखी होते. लांब उशी घे, गुडघ्यापासून पावलापर्यंत पुरेल अशी. पोटाखाली घडी केलेली पातळ चादर. आणि पाठीमागे एक लोड घट्ट खोचून ठेव, म्हणजे झोपेत उताणी व्हायला गेलीस तरी अर्ध्यातच अडशील. नवऱ्याला पलंगावर जागा उरत नाही, पण तो त्याचा प्रश्न. जळजळ होत असेल तर मात्र डावीच कूस बरी, मला तरी फरक पडायचा.

कूसबदलू

फिजिओताई, खूप आभार. ती अडीच पट वाचून पोटात गोळा आला होता, पुढचं वाक्य वाचून जिवात जीव आला. लोडाची युक्ती आजच करते.

एकच राहिलं. सोनोग्राफीला तर उताणंच झोपवतात आणि ती बराच वेळ चालते. तिथे काय करू?

फिजिओताई

सुरू व्हायच्या आधीच सांगा की उताणं झोपलं की मला गरगरतं. उजव्या कमरेखाली घडी केलेला टॉवेल मागा, डोक्याकडची बाजू उचलायला सांगा. मध्येच त्रास झाला तर "थांबा" म्हणून सरळ कुशीवर वळा, त्यांना हे नवीन नसतं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्याही कानावर घाला, रक्तदाब पाहून घेतील.

कुशीवर वळूनही अंधारी जात नसेल, छातीत दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर मात्र इथे विचारत बसू नका. रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा, सकाळची वाट पाहायची नाही.