आइस मेकर बर्फ बाहेर टाकत नाही: संपूर्ण बदलावा की दुरुस्त होईल?

शीतकपाट

नमस्कार. आमच्या फ्रीजला दारातूनच थंड पाणी आणि बर्फ देण्याची सोय आहे. त्याच्या फ्रीजरमधील स्वयंचलित आइस मेकरने आधी बर्फ कमी करायला सुरुवात केली आणि आता तो पूर्णपणे थांबला आहे. फ्रीजर व्यवस्थित थंड आहे; आत ठेवलेला थर्मामीटर उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवतो. दारातील पाण्याची धारही नेहमीसारखीच आहे. साच्यात मात्र बर्फ गोठून तसाच पडून आहे आणि तो बाहेर ढकलणारी प्लास्टिकची बोटे अर्ध्या फेरीत, बर्फावर तिरकी टेकून थांबली आहेत. लक्ष देऊन ऐकल्यास मोटरच्या बाजूने मधूनमधून बारीक टकटक ऐकू येते. बंद पडण्यापूर्वी काही काळ बर्फाचे खडे सुटे न पडता एकमेकांना जाड थराने चिकटून, अखंड पट्टीसारखे बाहेर येत होते. याचा संबंध असेल तर तोही सांगावा.

दुरुस्ती केंद्रात दूरध्वनीवरून चौकशी केली असता “संपूर्ण आइस मेकर बदलावा लागेल” एवढेच उत्तर मिळाले. हे निदान योग्य वाटते का, आणि विजेच्या साध्या कामांची सवय असलेल्या व्यक्तीला हा भाग घरी बदलता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेचकस

निदान योग्य असण्याची शक्यता बरीच आहे, परंतु खात्री केल्याशिवाय नवा भाग मागवू नये. त्यासाठी आइस मेकर कोणत्या क्रमाने काम करतो ते आधी पाहू. साच्यात पाणी भरल्यावर ते गोठते आणि साचा उणे 8 ते 9 अंशांच्या आसपास पोहोचला की त्याला चिकटून बसवलेला थर्मोस्टॅट मोटर आणि हीटर दोन्ही सुरू करतो. बोटे बर्फाला टेकून दाब देत राहतात. तेवढ्यात साच्याखालचा हीटर बर्फाचा कडेचा अगदी पातळ थर वितळवतो आणि खडे सुटून डब्यात पडतात. फेरी संपत आली की पाण्याचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो आणि साचा पुन्हा भरतो. नव्या प्रकारच्या काही फ्रीजमध्ये बोटांऐवजी प्लास्टिकचा ट्रे पिळला जातो आणि त्यात हीटर नसतो, पण तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रकार बोटांचाच आहे.

तुमची बोटे बर्फावर येऊन थांबली आहेत, म्हणजे थर्मोस्टॅटने आपले काम केले आहे. आता दोनच शक्यता उरतात. हीटर जळाला असेल तर बर्फ सुटणार नाही आणि मोटर दाब देत निमूटपणे अडून राहील. ही मोटर अशी अडून राहण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे ती लगेच जळत नाही. दुसरी शक्यता म्हणजे गिअरचे दाते झिजले आहेत किंवा तुटले आहेत. टकटक ऐकू येते म्हटल्यावर माझा संशय गिअरवर अधिक आहे.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. फ्रीजचा प्लग काढा, साच्यातील बर्फ वितळू द्या आणि पाणी फडक्याने पूर्ण टिपून घ्या. त्यानंतर वीज सुरू करून बोटांकडे पाहा. ती फेरीच्या मध्येच थांबलेली असल्यामुळे पुढे सरकण्यासाठी साचा पुन्हा थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही. रिकाम्या साच्यात त्यांनी फेरी पूर्ण केली तर मोटर ठीक आहे आणि हीटर तपासायला हवा. अडथळा नसतानाही ती जागच्या जागी थरथरून टकटक करत राहिली तर गिअर गेले. बोटे हाताने ढकलून मात्र अजिबात फिरवू नका. धड असलेले गिअरही त्याने तुटतात.

जलवाहिनी

वरील माहितीत एक भर घालतो. दारातून पाणी व्यवस्थित येते यावरून आइस मेकरच्या पाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फ्रीजच्या मागे तळाशी जो पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, त्यावर बहुधा दोन स्वतंत्र सोलेनॉइड (वीज मिळताच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चुंबकीय कॉइल) असतात: एक दारातील पाण्यासाठी आणि दुसरा आइस मेकरसाठी. पहिला धडधाकट असून दुसरा बिघडलेला असणे अगदी नेहमीचे आहे.

मला तुमच्या प्रश्नातील अखंड पट्टीचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खड्यांमध्ये पातळ पूल असणे स्वाभाविक आहे. जाड थर जमतो तेव्हा साच्यात गरजेपेक्षा जास्त पाणी येत असते. साचा उघडून पाहाल तेव्हा पाणी सोडणाऱ्या नळीचे तोंडही पाहून घ्या आणि तिथे बर्फ साचला आहे का ते कळवा.

शीतकपाट

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे साचा रिकामा आणि कोरडा करून वीज सुरू केली. बोटे किंचित पुढे सरकतात, टक असा आवाज होतो आणि ती पुन्हा मागे येतात. पुढे काहीच होत नाही. म्हणजे गिअरच तुटले आहेत असे धरतो. नळीच्या तोंडाशी पाहिले तर तिथे खाली टोक निघालेली बर्फाची गाठ लोंबकळत होती आणि नळीचे अर्ध्याहून अधिक तोंड तिने बंद केले होते. याचा अर्थ काय घ्यावा?

जलवाहिनी

याचा अर्थ व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि पाणी थेंबथेंब गळत राहते, असा घ्यावा. माझ्या मते तुमच्या बिघाडाचे मूळ इथेच आहे. सतत ठिबकणाऱ्या पाण्याने साचा काठापर्यंत भरत गेला, खड्यांऐवजी बर्फाची एकसंध लादी तयार झाली, ती बोटांना रेटता येईना आणि ताण सहन न होऊन गिअरचे दाते गेले. केवळ आइस मेकर बदलला तर नव्याचीही तीच गत होईल, आणि तोपर्यंत दोष नव्या भागाला दिला जाईल.

खात्री करून घ्या. नळीतील बर्फ वितळवून झाल्यावर फ्रीजचा प्लग काढलेला ठेवा, परंतु पाण्याचा पुरवठा चालू ठेवा आणि नळीखाली एक कोरडी वाटी ठेवून काही तास थांबा. वीजच नसल्यामुळे व्हॉल्व्हला उघडण्याची आज्ञा मिळण्याचा प्रश्न येत नाही; तरीही वाटीत पाणी जमले, तर व्हॉल्व्ह आतून गळतो आहे यात शंका उरत नाही. वाटी कोरडी राहिली तर तुटके गिअर एवढाच दोष धरून पुढे जाता येईल.

व्हॉल्व्ह दोषी ठरला तरी तो लगेच फेकू नका, आधी पाण्याचा दाब पाहा. हे व्हॉल्व्ह घट्ट बंद होण्यासाठी पाण्याच्याच दाबाची मदत घेतात, त्यामुळे दाब फार कमी असेल तर नवा व्हॉल्व्हही ठिबकू शकतो. उत्पादक किमान दाब साधारणपणे 20 ते 40 पीएसआय, म्हणजे सुमारे 1.4 ते 2.8 बार, इतका मागतात. नेमका आकडा तुमच्या माहितीपुस्तिकेत असेल. फ्रीजला आरओ शुद्धीकरण यंत्रातून पाणी दिलेले असल्यास दाब कमी असण्याची शक्यता बरीच वाढते. फ्रीजमधील पाण्याचा फिल्टर जुना झाला असेल तर तोही बदलावा. फ्रीज भिंतीकडे सरकवताना मागची नळी दुमडली गेली आहे का, हेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

काटकसरी

माझे मत थोडे वेगळे आहे. काही आइस मेकरमध्ये मोटर, गिअर आणि थर्मोस्टॅट असलेले पुढचे डोके स्वतंत्र मिळते. साचा आणि हीटर सुस्थितीत असतील तर तेवढेच बदलून काम भागते आणि खर्चही कमी येतो. संपूर्ण भाग बदला असे सरसकट सांगणे मला पटत नाही.

पेचकस

तुमचे म्हणणे काही मॉडेलना लागू आहे, पण एक अट घालावीशी वाटते. आधी साच्याच्या आतला लेप बोटाने चाचपून पाहावा. तो सोलला गेला असेल किंवा साच्याला खरखरीत चट्टे पडले असतील तर बर्फ पुन्हा चिकटेल आणि नव्या गिअरवर तोच ताण येईल. लेप गुळगुळीत असेल तर केवळ डोके बदलायला हरकत नाही. शिवाय डोके बदलताना थर्मोस्टॅट साच्याला नीट टेकावा म्हणून उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावावी लागते. संपूर्ण आइस मेकर बदलताना हा व्याप नसतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी संपूर्ण भागच सुचवेन.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. भाग मागवताना आइस मेकरच्या छायाचित्रावर विसंबू नका. फ्रीजच्या आतल्या भिंतीवरील चिकटपट्टीवर जो मॉडेल क्रमांक असतो, त्यावरूनच भाग शोधा. दिसायला हुबेहूब असलेले आइस मेकर वेगवेगळ्या व्होल्टेजचे असतात: काही 110 ते 127 व्होल्टचे, काही 220 ते 240 व्होल्टचे, तर काही अगदी कमी व्होल्टच्या डीसी विजेवर चालणारे. चुकीचा जोडला तर हीटर जळेल किंवा धड तापणारच नाही. कनेक्टरमधील पिनांची संख्याही जुळली पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढा आणि पाण्याचा कॉक बंद करा. बर्फाचा डबा बाहेर घेतला की आइस मेकर बाजूच्या भिंतीला बहुधा तीन स्क्रूंनी धरलेला दिसेल. खालचा स्क्रू पूर्ण काढावा. वरचे दोन केवळ सैल करावेत, म्हणजे आइस मेकर वर उचलून त्यांच्यावरून अलगद सुटतो. तो सुटताच तारांवर लटकू देऊ नका, एका हाताने आधार देऊन दुसऱ्या हाताने कनेक्टर सोडवा. कनेक्टरची खिटी दाबल्याशिवाय तो निघत नाही, आणि थंडीने प्लास्टिक ठिसूळ झालेले असल्यामुळे ओढाताण केल्यास खिटी हमखास तुटते. बर्फाने तो आवळलेला असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके थोडा वेळ त्यावर धरावे. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. फ्रीजरच्या भिंतीमागे शीतद्रव्याच्या नळ्या असू शकतात आणि आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. नळीला छिद्र पडले तर आइस मेकर राहील बाजूला आणि फ्रीजच निकामी होईल.

नव्या भागासोबत डबा भरल्याचे ओळखणारी वाकडी तार आणि पाणी झेलणारी वाटी येईलच असे नाही. त्यामुळे जुना आइस मेकर टाकण्याआधी हे दोन्ही भाग त्यावरून उतरवून नव्यावर बसवा. वाकडी तार खाली असताना यंत्र चालू असते आणि वर उचलली की बंद होते. ती चुकून वर राहिल्यामुळे नवा भाग सदोष ठरवून परत पाठवणारे कमी नाहीत.

शीतकपाट

वाटीत खरोखरच पाणी जमले, त्यामुळे व्हॉल्व्हही बदलतो आहे. पुरवठ्याचा दाब प्लंबरकडून मोजून घेतला, तो पुस्तिकेतील मर्यादेत आहे. आता शेवटची शंका: नवा भाग बसवल्यावर साच्यात योग्य तेवढेच पाणी येते आहे हे कसे ओळखावे?

जलवाहिनी

आइस मेकर कसून बसवण्यापूर्वी साच्यावर लहान स्पिरिट लेव्हल ठेवा. तो एका बाजूला कलला असेल तर पाणी बरोबर मापाचे असूनही एका टोकाचे खडे मोठे आणि दुसऱ्या टोकाचे चिमुकले होतात. फ्रीजर पुन्हा पूर्ण थंड होऊन नियमित बर्फ पडायला सुमारे 24 तास लागू शकतात, तोवर सेटिंगशी खेळू नये. पहिल्या काही खेपांचा बर्फ नव्या भागांवरील धूळ आणि वास घेऊन येतो, तो वापरू नये. त्यानंतरचे खडे हातात घेऊन पाहा. ते सुटे पडत असतील किंवा कागदासारख्या पातळ पुलाने जोडलेले असतील तर माप योग्य आहे. खडे मधून पोकळ निघाले तर पाणी कमी पडते आहे किंवा आतपर्यंत गोठण्याआधीच बाहेर टाकले जाते आहे. बोटांच्या प्रकारच्या अनेक आइस मेकरमध्ये एका खेपेला साधारण 100 ते 140 मिलिलिटर पाणी लागते आणि ते कमीजास्त करण्यासाठी डोक्यावर एक लहान स्क्रू असतो. तो एका वेळी अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फिरवू नका आणि पुढच्या दोन-तीन खेपा पाहिल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. मागची जोडणी पुसून कोरडी करा, तिच्याखाली कोरडा कागद अंथरा आणि एक दिवस गेल्यावर तो ओला झालेला नाही हे पाहूनच फ्रीज भिंतीला सरकवा.